उपग्रह वर गेला, आता जहाजावरच्या संचाचे काय?

२ नोव्हेंबर २०२५ च्या संध्याकाळी श्रीहरिकोट्याहून एलव्हीएम-३ रॉकेट उडाले आणि ४,४१० किलो वजनाचा सीएमएस-०३ उपग्रह अंतराळात पोहोचला. याचेच दुसरे नाव जीसॅट-७आर. हा उपग्रह भारतीय नौदलाच्या संपर्कासाठी आहे. भारताच्या भूमीवरून इतका जड संचार उपग्रह याआधी कधी सोडला गेला नव्हता. टीव्हीवर टाळ्या वाजल्या, मोबाईलवर व्हिडिओ फिरले आणि दोन-तीन दिवसांत विषय संपला.

आमच्या मते विषय खरा सुरू होतो तो तिथून. उपग्रह म्हणजे आकाशात लावलेला दिवा. त्याचा उजेड घ्यायला खाली जहाजावर खिडकी हवी. ती खिडकी म्हणजे जहाजावरचा संच: अँटेना, मोडेम, रेडिओ आणि संदेश गुप्त ठेवणारे उपकरण. हा संच कोणाकडून घ्यायचा, केव्हा घ्यायचा, कोणत्या भावाने घ्यायचा आणि त्याची चावी कोणाच्या हातात ठेवायची, या प्रश्नांवर टाळ्या वाजत नाहीत. पण उपग्रहावर घातलेला पैसा कामी येणार की वाया जाणार, हे इथेच ठरते.

काही वाचक विचारतील, नौदलाच्या अँटेनाशी आपल्या घराचा काय संबंध? संबंध आहे. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, बाणकोट, दाभोळ, रत्नागिरी या पट्ट्यातल्या आपल्या मोहल्ल्यांत फिरून बघा. दर दोन-चार घरांआड कोणाचा मुलगा, कोणाचा दामाद मालवाहू जहाजावर आहे. रत्नागिरीच्या राजिवड्यात, मिरकरवाड्यात पिढ्यानपिढ्या मासेमारीवर चूल पेटते. जहाज एडनच्या आखातात शिरले की इकडे अम्मीची झोप उडते. तिथे संकट आलेच तर मदतीला जी युद्धनौका धावते, तिचा किनाऱ्याशी संपर्क किती पक्का आहे, हा प्रश्न मग दिल्लीच्या फायलीपुरता उरत नाही.

भाड्याच्या वाटेपासून स्वतःच्या वाटेपर्यंत

थोडे मागे जाऊ. २०१३ पर्यंत खोल समुद्रातल्या आपल्या युद्धनौका उपग्रह संपर्कासाठी बऱ्याच अंशी इनमारसॅट या परदेशी सेवेवर अवलंबून होत्या. लांब पल्ल्याचा जुना एचएफ रेडिओ होताच, पण त्याच्यावर मोठी माहिती जात नाही आणि हवामान बिघडले की खरखर वाढते. परदेशी कंपनीच्या वाटेने आपल्या युद्धनौकेचा संदेश पाठवणे म्हणजे शेजाऱ्याच्या फोनवरून घरातली खासगी गोष्ट बोलण्यासारखे. शेजारी भला असेलही, पण फोन त्याचा आहे.

३० ऑगस्ट २०१३ रोजी जीसॅट-७, म्हणजे रुक्मिणी, हा नौदलाचा पहिला स्वतंत्र उपग्रह गेला. तो आपण बनवला, पण त्याचे वजन २,६०० किलोच्या वर होते आणि तेव्हा तेवढे पेलणारे रॉकेट आपल्या हाताशी तयार नव्हते. म्हणून तो दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानाहून, युरोपच्या एरियन रॉकेटने पाठवला. तेव्हा सांगितले गेलेले आकडे बघा: उपग्रहाचा खर्च सुमारे १८५ कोटी रुपये, आणि त्याला वर नेण्याचा व विम्याचा खर्च सुमारे ४७० कोटी. माल स्वस्त, भाडे महाग.

पुढच्याच वर्षी, २०१४ च्या सुरुवातीच्या मोठ्या सरावात, सुमारे ६० जहाजे आणि ७५ विमाने या एका उपग्रहातून एकमेकांशी जोडली गेली. एका जहाजाच्या रडारला दिसलेले दुसऱ्याला शेकडो मैलांवर दिसू लागले. आता सीएमएस-०३ त्याहून कितीतरी जड, जास्त क्षमतेचा, आणि आपल्याच भूमीवरून, आपल्याच रॉकेटने गेलेला. बारा वर्षांत ही मजल मोठी आहे. ज्यांनी ही मेहनत केली त्यांना मुबारकबाद द्यायलाच हवी.

गच्चीवरची डिश आणि जहाजावरचा घुमट

आता खरेदीकडे येऊ. घराच्या गच्चीवर डिश बसवणारा मुलगा येतो, थोडे इकडे-तिकडे फिरवतो, नट आवळतो आणि जातो. काम संपले. जहाजावर असे चालत नाही.

हा उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर आहे. जहाज लाटांवर डोलते, पुढे-मागे उचलले जाते, मध्येच वळते. तरीही अँटेनाचे तोंड उपग्रहावरच रोखलेले राहिले पाहिजे. त्यासाठी अँटेनाच्या खाली मोटारी आणि जहाजाचा कल मोजणारी यंत्रे असतात. जहाज डावीकडे कलले की अँटेना तेवढीच उजवीकडे फिरते, आणि हे दर क्षणी चालू असते. जहाजांवर जे पांढरे गोल घुमट दिसतात, त्यांच्या आत हे चाललेले असते.

बरे, जहाजावर डोलकाठी आहे, रडारचे मनोरे आहेत. जहाज वळले की तेच अँटेनाच्या आड येतात आणि संपर्क तुटतो. म्हणून मोठ्या जहाजावर दोन ठिकाणी अँटेना लावतात. एकीची नजर अडली की दुसरी काम घेते. त्यात खारी हवा लोखंड खाते. तोफ उडाली की सगळा सांगाडा हादरतो. बाजूच्या रडारची प्रचंड शक्ती नाजूक रेडिओचे कान बधिर करू शकते. केयू बँडवर भरपूर माहिती जाते, पण मुसळधार पावसात ती लहर दमते. यूएचएफ पावसाला घाबरत नाही, अँटेनाही लहान चालते, पण तिच्यावर माहिती कमी मावते. म्हणून एकाच प्रकारचा संच घेऊन भागत नाही. पाणबुडीचे तर आणखी वेगळे. पाण्याखाली उपग्रहाची लहर पोहोचतच नाही. बोलायचे तर अँटेना पाण्याबाहेर काढावी लागते, आणि बाहेर काढली की दिसण्याचा धोका.

हे इतके सांगायचे कारण एकच. असा संच बाजारातून उचलून आणण्याची वस्तू नाही. तो आपल्या जहाजासाठी, आपल्या समुद्रासाठी, आपल्या पावसासाठी तपासून घ्यावा लागतो. आणि तपासायला वेळ लागतो.

फाईल कुठे अडते?

संरक्षण खरेदीची वाट अशी: नौदल गरज लिहून देते. संरक्षण मंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची खरेदी परिषद 'गरज मान्य' असा शेरा देते. मग निविदा, मग तांत्रिक तपासणी, मग प्रत्यक्ष चाचण्या. चाचणीत पास झालेल्यांचे भाव उघडतात, सर्वात कमी भाववाल्याशी वाटाघाटी होतात, मोठी रक्कम असेल तर मंत्रिमंडळाच्या समितीची मंजुरी, आणि मग करार. २०२० च्या खरेदी नियमांत सर्वात वरचा मान त्या मालाला आहे ज्याची रचना, विकास आणि निर्मिती भारतातली आहे आणि ज्यात किमान निम्मा हिस्सा देशी आहे.

वाट कागदावर नीट आहे. अडचण दोन ठिकाणी येते. पहिली अडचण वेळेची. करार झाला तरी संच जहाजावर बसतो तो जहाज गोदीत दुरुस्तीला आल्यावर. ती पाळी चुकली तर पुढच्या पाळीची वाट बघायची. इकडे उपग्रहाचे आयुष्य मात्र थांबत नाही. तो वर गेला त्या दिवसापासून त्याचे इंधन मोजून खर्च होत असते.

याचा धडा आपल्याला आधी मिळाला आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये जीसॅट-६ उपग्रह गेला. लहान, हातात धरता येतील अशा संचांना जोडणारा तो उपग्रह, सहा मीटरची उलगडणारी अँटेना असलेला. उपग्रह उत्तम होता, पण खालची यंत्रणा वेळेत तयार झाली नाही आणि त्याची क्षमता बराच काळ पुरती वापरलीच गेली नाही. महालेखापरीक्षकांनी यावर बोट ठेवले. त्याचा जोडीदार जीसॅट-६ए मार्च २०१८ मध्ये गेला, तर तीन दिवसांत त्याच्याशी संपर्कच तुटला. म्हणजे एक उपग्रह असून वापर नाही, आणि दुसरा वर जाऊनही हाती लागला नाही. दोन्हींतून शिकायचे ते हे: खालची तयारी उपग्रहाच्या आधी हवी, आणि सगळी भिस्त एका उपग्रहावर नको.

दुसरी अडचण कमी भावाची. आमच्या पाहण्यातल्या एका शाळेत सर्वात कमी भावाने संगणक घेतले गेले. संगणक आले, पण त्या भावात ना यूपीएस होता, ना दुरुस्ती. पहिल्याच पावसाळ्यात वीज गेली-आली आणि निम्मे संगणक कापडाखाली गेले ते तसेच राहिले. जहाजाच्या संचाचा हिशेबही असाच करायला हवा. विकत घेतानाचा भाव एक. वीस-पंचवीस वर्षे सुटे भाग, दुरुस्ती, नवे सॉफ्टवेअर आणि माणसांचे प्रशिक्षण धरून येणारा भाव वेगळा. दुसरा भाव न विचारता पहिल्यावर खूश होणे महागात पडते.

पैशाबद्दल स्पष्ट बोलू. फेब्रुवारी २०२५ मध्ये तटरक्षक दलासाठी १४९ सॉफ्टवेअर आधारित रेडिओंचा १,२२० कोटी रुपयांचा करार भारत इलेक्ट्रॉनिक्सशी झाला. हे उपग्रहाचे संच नव्हेत, पण जातकुळी तीच. सरळ भागाकार केला तर एका रेडिओमागे आठ कोटींहून जास्त पडतात. असा भागाकार पूर्ण चित्र दाखवत नाही, कारण अशा करारात पेटीच्या किमतीखेरीज बरेच काही येऊ शकते. तरी ज्या समाजाच्या मुलांच्या शाळेला धड बाके नाहीत, तो समाज एवढा आकडा वाचून थबकतो, आणि त्यात काही चूक नाही. देशाच्या रक्षणावर खर्च करायचा, आणि एकेका रुपयाचा हिशेबही मागायचा. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात नाहीत. सरकारी तिजोरी ही अमानत आहे, आणि अमानतीचा हिशेब मागणे म्हणजे कोणावर शंका घेणे नव्हे.

चावी कोणाच्या हातात?

आता सर्वात मोठा प्रश्न. संच परदेशी, किंवा सेवा परदेशी, तर ऐन वेळी काय?

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर हल्ला केला त्याच पहाटे व्हायासॅट या अमेरिकी कंपनीच्या उपग्रह सेवेवर सायबर हल्ला झाला. उपग्रहाला कोणी हात लावला नाही. खाली जमिनीवरचे हजारो मोडेम एका झटक्यात निकामी केले. त्याच वर्षी युक्रेनला क्रिमियाजवळ रशियन नौदलावर समुद्री ड्रोन सोडायचे होते. त्यासाठी तिथे स्टारलिंक सेवा सुरू करा, अशी विनंती झाली. मालक इलॉन मस्क यांनी ती मानली नाही, आणि हे त्यांनी पुढे स्वतः जाहीरपणे सांगितले. त्यांचा निर्णय बरोबर की चूक, हा वाद बाजूला ठेवू. आपल्यासाठी धडा एवढाच, की एका देशाच्या नौदल कारवाईचा निकाल एका उद्योगपतीच्या होकार-नकारावर लटकला.

अमेरिकेच्या नौदलातलाही एक किस्सा आहे. २०२३ मध्ये यूएसएस मँचेस्टर या युद्धनौकेवर काही वरिष्ठ नौसैनिकांनी घरच्यांशी बोलायला, सामने बघायला, कप्तानाला न सांगता स्टारलिंकची डिश गच्चीवर बसवली. कित्येक महिने कोणाला पत्ता नाही. अधिकृत संच बसवायला आलेल्या एका कर्मचाऱ्याच्या नजरेला ती पडली, तेव्हा भांडे फुटले. युद्धनौकेवरून चोरून निघणारी लहर शत्रूला जहाजाचा ठिकाणा सांगू शकते. पण या गुन्ह्याची दुसरी बाजूही बघा. महिनोन्महिने घरापासून दूर असलेल्या माणसाला घरचा आवाज हवा असतो. खरेदीच्या यादीत त्याची सोय नसेल, तर तो पळवाट शोधतो. युद्धासाठी घेतलेल्या संचात नौसैनिकाच्या घरच्या फोनसाठी थोडी सुरक्षित जागा ठेवणे ही चैन समजू नये. तीही सुरक्षाच आहे. व्यापारी जहाजांसाठी तर सागरी कामगार कराराच्या नव्या नियमांनी डिसेंबर २०२४ पासून अशी सोय मालकांवर टाकली आहे.

आपल्याकडे फेब्रुवारी २०२५ मध्ये चिनी सुटे भाग असल्याच्या कारणावरून लष्कराच्या ४०० ड्रोनचे करार रद्द झाले. म्हणजे वर 'मेड इन इंडिया'ची पाटी आणि आत दुसऱ्याचे काळीज, असे होऊ शकते. संपर्काच्या संचात हा धोका जास्त, कारण त्यातूनच सगळी गुपिते जातात. पेटी कुठे जुळवली यापेक्षा आतली चिप कोणाची, सॉफ्टवेअर कोणी लिहिले आणि गुप्त सांकेतिक किल्ली कोणाकडे आहे, हे विचारले पाहिजे.

समुद्रात माणसे आहेत

१६ मार्च २०२४ चा दिवस आठवा. सोमाली चाच्यांनी डिसेंबरमध्ये पळवलेले एमव्ही रुएन हे जहाज आपल्या किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर होते. आयएनएस कोलकाताने त्याला गाठले. हवाई दलाच्या विमानातून मार्कोस कमांडो समुद्रात उतरले. सुमारे ४० तास चाललेल्या कारवाईत १७ खलाशी सुखरूप सुटले, ३५ चाचे शरण आले आणि पुढे मुंबई पोलिसांच्या ताब्यात दिले गेले. जहाज, विमान, ड्रोन आणि किनाऱ्यावरचे मुख्यालय एका सुरात चालल्याशिवाय असे काही होत नाही.

त्याच वर्षी जानेवारीच्या अखेरीस आयएनएस सुमित्राने कोचीच्या पश्चिमेला साडेआठशे सागरी मैलांवर अल नईमी या मासेमारी बोटीवरून १९ पाकिस्तानी मच्छीमारांना चाच्यांच्या तावडीतून सोडवले. मदतीची हाक आली तेव्हा कोणी पासपोर्ट विचारला नाही. समुद्राचा कायदा असा आहे, आणि आपला दीनही हेच शिकवतो. आज ते १९ होते; उद्या आपल्या गल्लीतला कोणी असू शकतो. हाक ऐकू जाणे आणि उत्तर वेळेत पोहोचणे, या दोन्हींच्या मध्ये तोच अँटेनाचा घुमट उभा असतो.

लहान होड्यांचे काय? ३० नोव्हेंबर २०१७ ला ओखी वादळ आले, तेव्हा केरळ-तमिळनाडूचे मच्छीमार खोल समुद्रात होते. इशारा त्यांच्यापर्यंत पोहोचवायला साधनच नव्हते. शेकडो मेले किंवा बेपत्ता झाले. त्या जखमेतून पुढे आलेली योजना ३० ऑगस्ट २०२४ रोजी आपल्या पालघरमध्ये जाहीर झाली: १३ किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत १ लाख बोटींवर उपग्रहाशी बोलणारे ट्रान्सपाँडर, खर्च सुमारे ३६० कोटी, म्हणजे बोटीमागे साधारण ३६ हजार रुपये. मच्छीमाराला ते मोफत. मोबाईलची रेंज संपली तरी दोन्ही बाजूंनी छोटे संदेश जातात, वादळाचा इशारा मिळतो, सागरी हद्द जवळ आली की सूचना येते. हद्द चुकून ओलांडली म्हणून पालघर आणि गुजरातचे मच्छीमार पाकिस्तानच्या तुरुंगात वर्षे काढतात. त्यांच्या घरांना विचारा या सूचनेची किंमत.

म्हणून काही गोष्टी आपल्या हातातल्याही आहेत. बोटीची नोंदणी चालू ठेवा, मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात ट्रान्सपाँडरसाठी नाव आहे का ते बघा, आणि बसवलेले यंत्र 'सरकारला आपला ठिकाणा कळतो' म्हणून बंद करून ठेवू नका. आखातात किंवा जहाजावर काम करणाऱ्यांनी थुराया, इरिडियमसारखे सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय भारतात आणू नयेत. दुबईत तो दुकानात मिळतो, इथे त्यावर अटक होते. २६/११ च्या हल्लेखोरांनी समुद्रात असाच फोन वापरला होता, तेव्हापासून नियम कडक आहेत. आणि आपल्या ज्या मुला-मुलींना इलेक्ट्रॉनिक्सची आवड आहे, त्यांना आयटीआय, डिप्लोमा, इंजिनिअरिंगकडे वळवा. हे संच बनवणारे, बसवणारे, दुरुस्त करणारे हात देशाला हवेत. रामेश्वरमच्या ज्या बापाची लाकडी होडी वादळाने गिळली, त्याचाच मुलगा पुढे भारताच्या रॉकेटचा शिल्पकार आणि राष्ट्रपती झाला. अब्दुल कलाम साहेबांचे नाव नुसते जयंतीला घ्यायचे नसते.

विचारायचे तीन प्रश्न

पुढच्या वेळी नौदलाच्या उपग्रहाची किंवा संपर्क संचांच्या कराराची बातमी येईल, तेव्हा तीन प्रश्न आपल्या खासदारांना विचारावेत. किती जहाजांवर नव्या उपग्रहाशी बोलणारे संच बसले, आणि उरलेल्यांवर केव्हा बसणार? त्या संचांची आतली चिप, सॉफ्टवेअर आणि किल्ली देशी आहे का? आणि एक उपग्रह बंद पडला तर दुसरी वाट तयार आहे का? गुपिते उघड न करताही संसदेत या प्रश्नांची उत्तरे मोघमपणे का होईना, देता येतात.

आकाशातला उपग्रह सगळ्यांना दिसतो. जहाजावरचा घुमट कोणी बघत नाही. पण रात्री दोन वाजता एडनच्या आखातातून एखाद्या पोराने मदतीची हाक दिली, तर तिचे उत्तर त्याच घुमटातून जाणार आहे. तो वेळेवर, खरा आणि आपल्या हातातला असावा, एवढीच आमची मागणी आहे. आणि समुद्रावर गेलेला प्रत्येक जण, मग तो कोणत्याही धर्माचा, कोणत्याही झेंड्याखालचा असो, सुखरूप घरी परतो, ही दुआ.